सतरा नंबरची तूर

हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा परवा पुन्हा त्या प्रकल्पाची मेल आली, म्हणूनही असेल.

मेल साधीच होती. सतरा नंबरच्या नमुन्याच्या मूळ जागेबद्दल आणखी थोडी माहिती पाठवता येईल का, एवढंच विचारलं होतं. शेवटी आभार, आणि आमच्या गावाकडच्या उन्हाची चौकशी. मी ती वाचली, बंद केली, उठून स्वयंपाकघराचा ओटा पुसला. पुसलेलाच ओटा होता. पुन्हा येऊन वाचली. सहा वर्षं मी ह्या एका ओळीची वाट पाहते आहे. वाट पाहते म्हणजे — भीत भीत पाहते. दार कुणी वाजवलं की वाटतं, आलेच.

तर ऐका. मी मोताळ्याला राहते, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माझे वडील बुलडाण्याला कचेरीत कारकून होते. अक्षर म्हणजे माणसाची चालचलणूक, असं ते म्हणत, आणि मला पाटीवर रेघा आखून गिरवायला लावत. त्यामुळे माझं अक्षर छान आहे. कपाट छान आहे. पोळ्यांचा डबासुद्धा मी असा लावते की सासूबाई म्हणायच्या, ही पोळ्यांनाही हजेरीला उभं करते. घरात माझी चेष्टा चालते आणि मला ती आवडते — खोटं का बोलू? टापटीप हा माझा अभिमान आहे. जे झालं त्याची सुरुवात ह्या टापटिपीतच आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल सांगितलं.

सहा वर्षांपूर्वी एका मोठ्या प्रकल्पात मला घेतलं. तुरीवर मर नावाचा रोग येतो — मातीतली बुरशी मुळातून शिरते आणि चांगली फुलावर आलेली तूर उभ्या उभ्या वाळते. औषध फवारून ती परत येत नाही. पण एखाद्या जुन्या, गावठी वाणात तिला तोंड देण्याची ताकद असू शकते. पूर्वी अशी ताकद हुडकायला माणसाचं अर्धं आयुष्य जायचं. आता पानाचा नखाएवढा तुकडा पुरतो. त्यातून रोपाची सगळी जनुकं वाचून काढतात, आणि ताकद कुठल्या जनुकात बसली आहे ते बोट ठेवून दाखवतात. दक्षिणेतली एक मोठी संस्था, एक कृषी विद्यापीठ, परदेशातली एक प्रयोगशाळा, आणि आमच्यासारखे तालुक्याच्या गावचे शिक्षक — सगळे एकत्र. आमचं काम होतं गावोगाव फिरून जुनी बियाणी आणायची.

आणि त्यात एक नवी गोष्ट होती. मला ती फार आवडली होती. आजवर साहेब लोक खेड्यातून बी घेऊन जात आणि ज्यांनी ते जपलं त्यांचं नाव वाटेत कुठेतरी गळून पडे. ह्या प्रकल्पाचा नियम असा की पाकिटावर बी सांभाळणाऱ्याचं नाव आणि गाव लिहायचं, आणि ते नाव त्या बियाबरोबर शेवटपर्यंत जायचं — प्रयोगशाळेत, शोधनिबंधात, उद्या वाण निघाला तर त्या वाणाच्या कागदावरही. प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. सुमती पहिल्या बैठकीत म्हणाल्या होत्या, चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा पाकीट कोरं ठेवलेलं परवडलं. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. खाली रेघ मारली होती. दोनदा.

संग्रामपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथे चंद्रभागाकाकू राहतात. साठीच्या आसपास वय, चार एकर मुरमाड वावर, नवरा शांत, स्वतः त्याहून शांत. त्या गावात रीत आहे, पेरणीच्या दिवशी पहिली मूठ कुणा चांगल्या हातगुणाच्या बाईकडून टाकून घ्यायची, आणि त्या गावचा तो हात काकूंचा. मृग लागला की त्यांना बोलावणी येतात. ह्याच्या वावरात, त्याच्या वावरात, काकू जातात, मूठभर बी मातीत सोडतात, मातीचा हात कपाळी टेकवतात आणि घरी येतात. कुणी चहा देतं, कुणी नुसतंच 'या' म्हणतं. पण बोलावणं चुकवत नाही कुणी.

मी गेले तेव्हा चैत्र संपत आला होता. नांदुऱ्याला एस.टी. बदलून पोचेपर्यंत जीव कासावीस झाला होता. काकूंनी आधी पाणी दिलं, मग गूळ दिला, मग माझं काम विचारलं. आतून एक मडकं आणलं, शेणानं लिंपलेलं तोंड विळ्यानं उकललं, आणि राखेत हात घालून ओंजळभर तूर वर काढली. बारीक, लालसर, डोळ्यापाशी काळा ठिपका.

"हे माह्या सासूनं देल्लं," त्या म्हणाल्या. "तिले तिच्या मायनं. शिजाले लवकर, अन् मुरमाड वावरात बी येते. बाकी मले काई समजत नाई."

मी पाकीट उघडून धरलं. त्यांनी राखेसकट तूर ओतली. आणि मी निघाले तेव्हा दारापर्यंत येऊन म्हणाल्या, "म्याडम, राख काढू नका बरं. राखीतच राहू द्या तिले. राख गेली का भुंगा आला."

मी हो म्हणाले. अगदी मान डोलावून हो म्हणाले.

घरी आल्यावर नमुन्याचं पत्रक वाचलं. त्यात एक ओळ होती — नमुना स्वच्छ असावा. खडे, काडीकचरा नसावा, एवढाच त्याचा अर्थ. पण मी ती ओळ माझ्या डोळ्यांनी वाचली. इतर गावांची पाकिटं कशी लख्ख होती, आणि हे एक राखाडी, हात लावला की काळं होणारं. टेबलावर ठेवलं की डाग पडे. मी बारीक चाळणी आणली. चाळलं. मग ओल्या फडक्यानं पुसलं, सावलीत वाळवलं, नव्या पाकिटात भरलं, आणि सुंदर अक्षरात लिहिलं — क्रमांक सतरा, चंद्रभागाबाई, गाव, तालुका. पाकीट कपाटात ओळीत लावलं. केवढं समाधान वाटलं होतं मला. ती ओळ बघायला मी एका सहकारी बाईंना बोलावून आणलं होतं.

पुढे कॉलेजच्या परीक्षा, पेपर तपासणं, बहिणीकडचं लग्न. जूनच्या सुरुवातीला पाकिटं पाठवायची होती, म्हणून दोन दिवस आधी कपाट उघडलं. बाकीच्यांनी आपली बी कडक उन्हात वाळवून दिली होती, ती ठीक होती. सतरा नंबरचं पाकीट उचललं तर हलकं लागलं. आतून बारीक कुरकुर आवाज. उघडलं आणि भुंगे माझ्या बोटांवर चढले. दाणे सगळे पोखरलेले, नुसती टरफलं, खाली पिठासारखा भुसा. दहा-बारा दाणे शाबूत होते. तेवढ्यांनी नमुना होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग परत जायचं. हो. जायचं. काकूंनी तोवर पेरलंही नव्हतं, मडक्यात बी होतं, आणि दोन दिवस हातात होते. एका एस.टी.चा प्रश्न होता. पण जाऊन सांगायचं काय? की तुम्ही सांगितलेलं मी ऐकलं नाही? मी, म्याडम, वनस्पतिशास्त्राची? की नुसतं प्रकल्पाला कळवायचं, सतरा नंबर बाद? त्यांच्या बैठकीत माझ्या पाकिटांचा फोटो सगळ्यांना दाखवला होता, अशी पाकिटं हवीत म्हणून. मी खुर्चीत बसून राहिले. मनात सारखं एकच, कळेल, कळेल, सगळ्यांना कळेल. काय कळणार होतं? भुंगा लागला, एवढंच. त्या दिवशी मला ते जगबुडीएवढं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मोताळ्याचा बाजार होता. एक म्हातारबाबा फडकं अंथरून बसले होते, समोर थोडे मूग आणि एक लहानसा ढीग तुरीचा. बारीक, लालसर. मी खाली बसले, दाणा उचलून पाहिला — डोळ्यापाशी ठिपका. फिका होता, पण होता. मी अर्धा किलो मागितली. बाबांच्या डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो मोठा काळा चष्मा होता, अर्धा चेहरा झाकणारा. तूर मोजता मोजता ते काही सांगू लागले, "घरची हाय बाई. आमच्या तिकडं एक साल सारं शिवार वाळलं, पन हे..." मी पुढचं ऐकलं नाही. पिशवी घेतली आणि उठले. ओळखीचं कुणी पाहील की काय, ह्या धास्तीनं मी भाजीच्या दुकानांमागून घरी आले. कुठलं गाव, काय नाव, काहीसुद्धा विचारलं नाही.

घरी बसून एकेक दाणा निवडला. ठिपका ठळक असलेले तेवढे घेतले. जुनं पाकीट झटकलं, पुसलं, आणि त्यात ते भरले. लेबल बदलावं लागलं नाही. ते शाबूत दहा-बारा दाणे मी भुंग्यांबरोबर मागच्या उकिरड्यावर टाकून दिले. त्यावर पालापाचोळा लोटला.

हा माझा गुन्हा, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही बरीच वर्षं तसं वाटत होतं. पण हा नाही. थांबा जरा.

ती पाकिटं दक्षिणेत गेली. तिथे एक वाफा असतो, ज्याच्या मातीत मर रोगाची बुरशी मुद्दाम वाढवलेली असते. त्यात सगळे नमुने पेरायचे आणि काय जगतं ते पाहायचं. पुढच्या हिवाळ्यात मोबाईलवर बैठक झाली. डॉ. सुमतींनी फोटो दाखवला. सगळीकडे वाळकी, तपकिरी काडी, आणि मधे एक हिरवी ओळ. ओळीच्या टोकाला पाटी — सतरा.

सगळे टाळ्या वाजवत होते. माझा मोबाईल मी टेबलावर पालथा ठेवला होता, माझा चेहरा दिसू नये म्हणून. मला बाजारातले ते बाबा आठवत होते. सारं शिवार वाळलं, पण हे... पण हे काय, बाबा? 'हे उभं राहिलं' — असंच म्हणणार होते ना?

तेव्हा सांगता आलं असतं. ज्या वाणासाठी एवढी माणसं राबत होती तो खरा होता, फक्त नाव खोटं होतं. नाव दुरुस्त करता आलं असतं. त्यानंतर मी प्रत्येक बाजाराला गेले. काळा चष्मा शोधला. पण ऑपरेशनचा चष्मा माणूस किती दिवस लावतो? महिनाभर. नंतर ते बाबा माझ्या समोरून गेले असतील आणि मी त्यांना ओळखलं नसेल. तुरीचे ढीग पाहत, दाणे चाळत मी फिरले, तोवर लोक मला ओळखू लागले. तुरीवाल्या म्याडम आल्या, म्हणायचे.

पुढे भराभर झालं. पानं परदेशी गेली, जनुक सापडलं, शोधनिबंध आला. त्यात आभारात काकूंचं नाव होतं, गावासकट. डॉ. सुमती स्वतः गावात आल्या. शाळेच्या आवारात मांडव घातला, काकूंना शाल दिली, चौकटीतलं प्रमाणपत्र दिलं. सूत्रसंचालन मी केलं. हो, मी. चांगलं केलं. पिढ्यान्‌पिढ्या बी जपणाऱ्या हातांबद्दल बोलले, दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. काकूंना बोलायला उभं केलं तर त्या माइकपासून लांब उभ्या राहिल्या.

"मी काई केलं नाई," त्या म्हणाल्या. "सासूनं देल्लं, मी ठेवलं. कोनाले पायजे असन त न्या."

आणि लोकांनी नेलं. ज्यांच्या वावरात दरवर्षी मर येई, अशी आठ-दहा घरं होती. काकूंनी मडकं उघडून प्रत्येकाला दिलं, राखेसकट. मी तिथेच उभी होते. त्या मडक्यातल्या तुरीला रोगाच्या वाफ्यात कुणीच कधी पेरून पाहिलं नव्हतं, हे साऱ्या जगात मला एकटीला माहीत होतं. एक शब्द बोलले नाही. मनात म्हणत होते, कोण जाणे, हिच्यातही ताकद असेल. असू दे. देवा, असू दे. वनस्पतिशास्त्राची बाई मी, आणि नवस बोलल्यासारखी पुटपुटत होते.

त्या वर्षी लोकांच्या काळ्या जमिनीत काकूंची तूर वाळली. सगळ्यांची नाही, पण बहुतेकांची. फुलावर येऊन वाळली. काकूंच्या स्वतःच्या मुरमाड वावरात मात्र नेहमीसारखी आली, आणि तेच त्यांना नडलं. बाईनं असली घरात ठेवली, नकली वाटली, अशी कुजबुज सुरू झाली. फोटो काढून घ्यायला बाई, आणि आपल्याला भूस. ज्यांची वाचली त्यांनीही ते बी पुढे ठेवलं नाही. पुढच्या पेरणीला पहिल्या मुठीसाठी काकूंना एकाही घरून बोलावणं आलं नाही.

हे मला त्यांनी सांगितलं नाही. मी गेले होते, त्यांच्या नवऱ्यानं सांगितलं, तेही जाताना, फाटकापाशी. मी एस.टी.त बसले आणि माझ्या पोटात कळ आली. तेव्हापासून ती येते. डॉक्टर आम्लपित्त म्हणतात, मी गोळ्या घेते.

डॉ. सुमतींच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी काकूंच्या वावरातल्या रोपांची पानं मागवली. तपासली. ओळखीपुरतीच तपासणी, पण सतरा नंबरशी जुळली नाहीत. पुन्हा मोबाईलवर बैठक. त्या माझ्याशी एकटीशी बोलल्या, फार हळू, मला वाईट वाटू नये म्हणून.

"नमुना तुम्ही स्वतःच घेतला होता ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "हो. माझ्या हातांनी."

बघा, शब्द कसे खरे होते. घेतलाच होता मी माझ्या हातांनी. त्या लगेच म्हणाल्या, तुमच्या पाकिटांबद्दल शंकाच नाही. मग त्यांनीच कारण काढलं, तुरीच्या फुलावर मधमाश्या फिरतात, शेजारच्या वावरातला पराग येतो, वाणात भेसळ होते. किंवा खळ्यावर मळताना दुसरी तूर मिसळली असेल. बाईंचा दोष नाही, अगदी चांगल्या माणसांच्या हातून होतं, असं त्यांना नीट समजावून सांगा, म्हणाल्या. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे.

होता. खरंच होता. त्या भीतीत मला सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायची लाज वाटते. एवढी मोठी शास्त्रज्ञ, तिनंच माझी बाजू मांडली, पुस्तकातल्या कारणासकट. फोन ठेवल्यावर मी चहा केला आणि साखर जरा जास्त घातली.

मग मी काकूंकडे गेले.

त्या ओसरीवर बसून मिरच्यांची देठं खुडत होत्या. प्रमाणपत्र आतल्या खोलीत गेलं होतं, भिंतीवर नुसता खिळा होता. मी मधमाश्यांचं सांगितलं, परागाचं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. शिकवलेलं ऐकतात तसं.

"लोकं म्हनतात, असली घरात ठेवली," त्या म्हणाल्या. "मी काऊन असं करीन बाई?" आणि मग मिरच्या बाजूला ठेवून, "तुमीच सांगा. माह्याच हातून मिसळलं असन काय? खळ्यावर? मले त आठवत नाई. पन वय झालं आता, असन बी."

तिथे कुणी नव्हतं. काका वावरात होते. मी सांगितलं असतं तर ऐकणाऱ्या फक्त त्याच होत्या. आणि मी म्हणाले, "झालं असेल काकू. होतं असं."

त्यांनी मान हलवली. पुन्हा मिरच्या पुढ्यात ओढल्या. मला वाटलं, झालं, संपलं. पिशवी उचलली. तेव्हा त्या आत गेल्या, मडकं घेऊन आल्या आणि माझ्या पुढ्यात ठेवलं.

"मंग आता हे ठेवू का नको? तुमी शिकेल हा. तुमी सांगान तसं करतो."

ह्या जागेवर मला थांबायचं आहे, कारण मी आजवर कधी थांबले नाही. त्या मडक्यात सासूच्या माहेरची, तिच्या आईकडची, कुठल्या कुठली तूर होती. लवकर शिजणारी, मुरमात येणारी. मर रोगाशी तिचं देणंघेणं कधी सांगितलंच नव्हतं काकूंनी. ती भेसळ नव्हती. त्या गावात भेसळ नसलेली एकच गोष्ट उरली होती, आणि ती माझ्यासमोर होती. 'ठेवा काकू, हे चांगलं बी आहे' — एवढं तरी म्हणता आलं असतं. खरं न सांगतासुद्धा म्हणता आलं असतं. माझं काही गेलं नसतं.

पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. हे मडकं राहिलं तर ही दरवर्षी पेरणार. उद्या कुणीतरी नवीन पोरगी येईल प्रकल्पातून, नवी यंत्रं घेऊन, आणि ह्या तुरीचं पान तपासेल. आता तर भेसळ किती पिढ्यांपूर्वी झाली हेही वाचता येतं म्हणतात. ती म्हणेल, ह्यात सतरा नंबरचा अंशही नाही, कधीच नव्हता. मग हे पाकीट आलं कुठून? भरलं कुणी? मी ते मडकं बघत होते आणि मला ते पुरावा दिसत होतं. मला ते नको होतं. जगात कुठेच नको होतं.

मी म्हणाले, "आता ठेवून काय उपयोग, काकू. नवीन बी घ्या, पाकिटातलं. चांगलं येतं."

हे आहे ते. भुंगा नाही, बाजार नाही, टाळ्याही नाहीत. तिनं मला विचारलं, आणि मी विचार करून, पूर्ण शुद्धीत, शांत आवाजात हे सांगितलं.

त्यानंतर संक्रांतीच्या आसपास मी पुन्हा गेले. का गेले? गेले नसते तर संशय आला असता, असं तेव्हा वाटलं होतं. काकूंनी तिळगूळ दिला, घरचं सगळं विचारलं, माझ्या पोटदुखीवर ओवा खायला सांगितला. त्या साली त्यांनी दुकानातलं पाकिटातलं बी लावलं होतं, आणि त्या मुरमात ते गुडघ्याएवढंच वाढलं होतं. निघताना हातात एक पिशवी दिली. वजनदार होती. उघडून पाहिलं तर डाळ.

"तुमी म्हनलं तसं केलं," त्या म्हणाल्या. "सारी भिजवली, वाळवली अन् जात्यावर भरडली. एक दाना ठेवला नाई. अर्धी तुमच्यासाठी काढून ठेवली होती. आपलीच हाय, खाऊन पाहा."

सतरा नंबर आता दक्षिणेत मोठा होतो आहे. त्याचे संकर झाले आहेत, पुढेमागे वाण निघेल, आणि त्याच्या कागदावर चंद्रभागाबाई हे नाव असेल. काकूंच्या तुरीत काय ताकद होती, हे आता कुणालाच पेरून पाहता येणार नाही. परवाच्या मेलला मी उत्तर पाठवलं. लिहिलं, मूळ जागा पाकिटावर लिहिली आहे तीच.

ती डाळ मी घरी आणली. टाकून देता आली नाही, कुणाला देताही आली नाही. दुसऱ्या दिवशी कुकर लावला. दोन शिट्ट्यांत मऊ शिजली. वरणभात केला, वर तूप घातलं, आणि नवरा म्हणाला, अशी डाळ बऱ्याच वर्षांत खाल्ली नाही, कुठून आणलीस. मी म्हणाले, बाजारातून. आणि त्याला आणखी वाढलं. मीही जेवले. महिनाभर आम्ही ती पुरवून पुरवून खाल्ली, आणि संपवली.